स्कॉटलंडच्या डोंगरांची गेलिक नावं कशी वाचायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी एडिनबर्गला शिकते, मे महिन्यात तिच्यासोबत गाडीने हायलँड्स, म्हणजे स्कॉटलंडचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग, बघायचा आहे, पण नकाशा उघडला तर डोंगरांची नावं वाचताच येईनात. बेन, कार्न, स्कूर, मिअल हे शब्द पुन्हा पुन्हा दिसतात. त्यांचा अर्थ काय, ती नावं आली कुठून, आणि एकच शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी का लिहिलेला असतो?

मी मूळची जुन्नरची. गेली 19 वर्षं स्कॉटलंडच्या उत्तरेला राहते. उन्हाळ्यात लोकांना डोंगरांवर घेऊन जाते, हिवाळ्यात गेलिक, म्हणजे इथली जुनी भाषा, शिकते आणि आता थोडी शिकवतेही. नावांचा नाद मला कामातून लागला. धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही, तेव्हा नकाशावरचा शब्द कळला तर पुढे कडा आहे की गवताचा उतार, एवढा तरी अंदाज येतो. म्हणून उत्तर जरा लांबलं तर सांभाळून घ्या, विषय माझ्या फार जवळचा आहे.

आधी एक गोष्ट पक्की धरा. ही नावं खालून दिलेली आहेत. शिखरावर जाणाऱ्या गिर्यारोहकांनी ती दिलेली नाहीत. दरीत राहणाऱ्या, गुरं राखणाऱ्या, हरणांमागे जाणाऱ्या माणसांनी आपल्या दारातून डोंगर जसा दिसला तसं त्याला नाव दिलं. हे एक ध्यानात ठेवलं की निम्मी कोडी सुटतात.

फोर्ट विल्यमच्या पूर्वेला दोन डोंगर खांद्याला खांदा लावून उभे आहेत, ऊनख मोर आणि ऊनख बेग. मोर म्हणजे मोठा, बेग म्हणजे लहान. मोर आहे 1221 मीटर आणि बेग आहे 1234 मीटर. धाकटा थोरल्यापेक्षा 13 मीटरनी उंच! माझ्यासोबत येणारे लोक हमखास म्हणतात की नाव देताना चूक झाली. चूक काही नाही. नाव देणाऱ्याकडे उंची मोजायचं साधन नव्हतं आणि त्याला तिची गरजही नव्हती. मोठा म्हणजे अंगापिंडाने मोठा. ऊनख मोरची रुंद, लांबलचक पाठ खालच्या दरीतून नजरेत भरते, तर बेग तिच्यामागे अंग चोरून उभा असतो.

तसंच बेन मोर या नावाचं. 3000 फुटांवरच्या, म्हणजे 914 मीटरच्या पुढच्या डोंगरांना इथे मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी 1891 मध्ये त्यांची पहिली यादी छापली, आज त्या यादीत 282 डोंगर आहेत. त्यांतल्या तिघांचं नाव बेन मोर आहे: क्रियनलारिखजवळचा 1174 मीटर, आसिंटमधला 998 मीटर आणि मल बेटावरचा 966 मीटर. तिघांचा अर्थ एकच, मोठा डोंगर. प्रत्येक दरीचा आपापला मोठा डोंगर असतो आणि त्या दरीतल्या माणसाला दुसऱ्या मोठ्या डोंगराशी काही देणंघेणं नसतं.

आता मूळ शब्दांकडे येते. बेन हा गेलिक ‘बेन्य’ शब्दाचा इंग्रजी अवतार. त्याच्या मुळाशी जो जुना शब्द आहे त्याचा अर्थ शिंग, टोक. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये, कारण संस्कृतात शृंग म्हणजे शिंगही आणि शिखरही, आणि वणीची सप्तशृंगी तर घरोघर माहीत आहे. आज मात्र बेन हा शब्द टोकदार नसलेल्या डोंगरालाही सर्रास लावलेला दिसतो. कार्न म्हणजे दगडांची रास, आणि त्यावरून धोंड्यांनी झाकलेला गोलसर डोंगर. मध्य आणि पूर्व हायलँड्समध्ये, म्हणजे केर्नगॉर्म भागात, हा शब्द पावलोपावली भेटतो. पश्चिमेला आणि स्काय बेटावर गेलात की कार्न विरळ होतात आणि स्कूर सुरू होतात. स्कूर म्हणजे खडकाळ, धारदार, हात लावायला लागेल असं शिखर. नकाशावर स्कूर वाचलं की मी सोबतच्यांचे बूट आधी तपासते. मिअल म्हणजे गोळा, ढेप. मिअलवर चढताना दम लागतो, भीती वाटत नाही. स्टॉब म्हणजे खुंट.

उरलेले बरेचसे शब्द शरीराचे आहेत आणि मला ते सगळ्यात आवडतात. स्रोन म्हणजे नाक. डोंगराचा जो भाग पुढे निघून दरीत उतरतो त्याला ते नाक म्हणतात, आपण त्याला सोंड म्हणतो. ड्रुइम म्हणजे पाठ, लांब कण्यासारखी चाललेली धार. माउल म्हणजे टक्कल, वर झाडझुडूप नसलेला डोंगर. किअख म्हणजे स्त्रीचा स्तन, आणि नॉइडार्टच्या बाजूला ‘स्कूर ना कीख्य’ नावाचा 1040 मीटरचा डोंगर बघितलात तर नावाबद्दल शंका राहणार नाही. या शब्दांत लाज किंवा चावटपणा शोधू नका. ज्यांना डोंगर रोज दिसतो त्यांना तो अंगासारखाच वाटतो.

कोर्य या शब्दापाशी मात्र थांबायला हवं. कोर्य म्हणजे मोठं भांडं, कढई. डोंगराच्या कुशीत हिमनदीने खरवडून काढलेली, तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेली खोलगट जागा म्हणजे कोर्य. इथल्या शेवटच्या हिमनद्या सुमारे 11,500 वर्षांपूर्वी वितळल्या आणि ही भांडी रिकामी झाली, काहींच्या तळाशी अजून लहानसं तळं असतं. इंग्रजी भूगोलाच्या पुस्तकांत ‘कॉरी’ असा शब्द येतो तो हाच, गेलिकमधून गेलेला. आणि भाषाशास्त्रज्ञ या कोर्यचं नातं थेट संस्कृतातल्या चरू या शब्दाशी जोडतात. पूजेच्या, यज्ञाच्या संदर्भात आपण जो चरू ऐकतो, तो मुळात भांडंच. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एका कोर्यच्या काठावर बसून डबा खात होते, आणि समोरच्या खोलगटाकडे बघून आजीचं तांब्याचं भांडंच आठवलं.

अशी नाती आणखीही आहेत. रुअ म्हणजे लालसर, आणि त्याचं मूळ आपल्या रुधिर या शब्दाचंच. एख म्हणजे घोडा, अश्वाचा भाऊबंद. बो म्हणजे गाय, तीही गो या शब्दाच्याच घरातली. गेलिक आणि मराठी लांबच्या का होईना, एकाच भाषाकुळातल्या आहेत.

आता उच्चार आणि स्पेलिंग. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. माझाही सुटला होता. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी किनटेल भागात एका म्हाताऱ्या मेंढपाळाला वाट विचारली. नकाशावर जसं लिहिलं होतं तसं अक्षरन्‌अक्षर उच्चारत ‘बेन फ्हाडा’ कुठे म्हणून विचारलं. त्यांना कळेना. तीनदा विचारलं, शेवटी बोटाने दाखवलं. ते हसून म्हणाले, ‘पेन्य अत्त.’ त्या दिवशी मला गेलिकचा पहिला खरा धडा मिळाला.

झालं होतं असं. फत म्हणजे लांब. पण बेन्य हा शब्द स्त्रीलिंगी आहे, आणि स्त्रीलिंगी नामामागून विशेषण आलं की त्याचं पहिलं अक्षर मऊ होतं. लिहिताना त्याच्यानंतर एच घालतात. एफ मऊ झाला की तो चक्क नाहीसा होतो, उरतो नुसता ‘अत्त’. इंग्रजी नकाशांनी हाच डोंगर ऐकू आला तसा ‘बेन अ‍ॅटो’ लिहिला. लांब डोंगर, 1032 मीटर, आणि खरंच मैलोन्‌मैल पसरलेला.

मराठीतही विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं: मोठा डोंगर, मोठी टेकडी. आपण शेपूट बदलतो, गेलिक डोकं बदलते. मोर हा शब्द पुल्लिंगी कार्नमागे मोरच राहतो, पण बेन्यमागे आला की त्याच्या एमनंतर एच लागतो आणि उच्चार होतो ‘वोर’. बी आणि एम हे दोन्ही एच लागला की व होतात. म्हणून बान, म्हणजे पांढरा, कधी ‘वान’ होतो, आणि ब्रेख्क, म्हणजे ठिपकेदार, कधी ‘व्रेख्क’. पिटलॉक्रीच्या डोक्यावरचा 841 मीटरचा बेन व्रॅकी यातूनच आला. तुम्हाला दोन नकाशांवर दोन स्पेलिंगं दिसली ती बहुधा यामुळे: एकात गेलिक व्याकरणाप्रमाणे लिहिलेलं असतं, दुसऱ्यात इंग्रजी कानाने ऐकलेलं.

शब्दांचा क्रमही लक्षात घ्या. डोंगर आधी, गुण किंवा मालक नंतर. मधले ना, नान, नाम हे आपल्या ‘च्या’सारखे. स्कूर नान गिल्यन म्हणजे तरुण पोरांचं शिखर. मिअल नान टार्मखन म्हणजे टार्मखन पक्ष्यांचा गोळा. हा हिमप्रदेशातला तित्तिरासारखा पक्षी, हिवाळ्यात पांढरा होतो. इंग्रजीत त्याच्या नावाच्या सुरुवातीला एक मुका पी आहे. तो शब्द ग्रीक असावा असं समजून कुणा विद्वानाने तो चिकटवला. शब्द साधा गेलिक आहे, त्यात पी कधीच नव्हता.

आपल्या मराठी कानाचा इथे मोठा फायदा आहे आणि तो तुमच्या मुलीलाही सांगा. गेलिकमध्ये बी, डी, जी लिहिलेलं असतं पण उच्चार आपल्या प, त, क यांच्या जवळ जातो. पी, टी, सी लिहिलेलं असेल तर श्वास सोडून, फ, थ, ख यांच्या बाजूला. इंग्रजी कानाला हा फरक पकडताना त्रास होतो, आपण तो पहिलीतल्या बाराखडीत शिकलेलो असतो. म्हणून मेंढपाळबाबा ‘पेन्य’ म्हणाले. सीएच म्हणजे घशातून घासत येणारा ख, उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा. लॉख, म्हणजे तळं, हा शब्द ‘लॉक’ म्हणू नका, इथल्या माणसांच्या कानाला ते खुपतं.

आणखी एक गंमत. गॉर्म हा रंगाचा शब्द गेलिक माणूस म्हणतो तेव्हा ‘कोरोम’ असा ऐकू येतो. डिअर्ग, म्हणजे लाल, ‘च्येरेक’ होतो. र आणि पुढचं व्यंजन यांच्यामध्ये एक स्वर घुसतो, जसं आपल्याकडे धर्माचं धरम होतं आणि कर्माचं करम. गेलिकचे अभ्यासक या स्वराला काय म्हणतात सांगू? स्वरभक्ती. संस्कृत व्याकरणातलाच शब्द, युरोपातल्या पंडितांनी जसाच्या तसा उचललेला. इथल्या एका वर्गात शिक्षकांनी फळ्यावर रोमन लिपीत तो शब्द लिहिला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

रंगांचं प्रकरण वेगळं सांगायला हवं, कारण त्यात भाषांतरकार सगळ्यात जास्त फसतात. केर्नगॉर्म डोंगराचा अर्थ सगळीकडे निळा डोंगर असा छापलेला असतो. पण गॉर्म म्हणजे निळाही आणि गवताचा हिरवाही. ग्लास म्हणजे राखाडी आणि हिरवट यांच्या मधलं काहीतरी, लिअ म्हणजे करडा, निळसर करडा. गेलिकने रंगांच्या रेघा इंग्रजीपेक्षा वेगळ्या ठिकाणी ओढल्या आहेत. मला यात गुराख्याची नजर दिसते. ब्रेख्क म्हणजे ठिपकेदार, रिअवख म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा करडातपकिरी, ओअर म्हणजे मातकट पिवळसर. हेच शब्द गुरांच्या अंगाच्या रंगांनाही वापरतात. आपल्याकडे गाय नुसती पांढरी किंवा काळी नसते, ती ढवळी, कपिला, बांडी, कबरी असते, तसंच हे. ब्रेरिआख हा 1296 मीटरचा डोंगर, देशातला तिसरा उंच, त्याच्या नावात हाच रिअवख आहे. जूनमध्ये त्याच्या उतारांवर बर्फाचे पट्टे, खडीचे पट्टे आणि गवताचे पट्टे एकाआड एक दिसतात, तेव्हा त्या डोंगरात पाठ वळवून उभी असलेली गाय मी स्वतः पाहिली आहे.

केर्नगॉर्म डोंगरावरून आता सगळ्या रांगेला केर्नगॉर्म्स म्हणतात. रांगेचं जुनं गेलिक नाव मात्र ‘अम मोनग रुअ’, म्हणजे तांबूस डोंगरवट. तिथला ग्रॅनाइट गुलाबी आहे, संध्याकाळचं ऊन पडलं की अख्खी रांग तांबडी होते. स्पे नदीच्या पलीकडे समोरच ‘अम मोनग लिअ’, करडी डोंगरवट. नदीकाठच्या माणसाच्या एका हाताला लाल, दुसऱ्या हाताला करडा. एका डोंगराचं नाव अख्ख्या रांगेला चिकटलं आणि ही जोडी मोडली, याचं मला वाईट वाटतं. रांगेला ‘निळा’ म्हणायचं आणि पाऊल टाकायचं लाल दगडावर.

स्टॉब बान म्हणजे पांढरा खुंट. मेमोर रांगेतला हा 999 मीटरचा डोंगर जुलैतही पांढरा दिसतो, तो बर्फाने नाही, क्वार्टझाइटच्या खडीने. पांढरा म्हटलं की बर्फच असणार हे घाईचं अनुमान आहे.

मग नावांतली माणसं आणि जनावरं. बेन लुई हा 1130 मीटरचा देखणा डोंगर, त्याच्या गेलिक नावात लुय म्हणजे वासरू आहे. ‘मिअल अ वूरी’ म्हणजे हंबरण्याचा डोंगर, सप्टेंबर अखेरीपासून ऑक्टोबरभर माजावर आलेले सांबरासारखे मोठे नर हरीण तिथे ओरडतात, तो आवाज एकदा ऐकला की नाव विसरत नाही. ॲपलक्रॉसला जाणारा ‘ब्यालख ना बा’ हा 626 मीटर उंचीचा घाट आहे. ब्यालख म्हणजे खिंड, बा म्हणजे गायीची. आता तिथे पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, पण वाट पडली ती गुरांच्या पायांनी.

उन्हाळ्यात दरीतली गुरं वरच्या कुरणांवर न्यायची पद्धत हायलँड्समध्ये शतकानुशतकं होती. वरच्या त्या वस्तीला आरी म्हणतात, आणि तिथे बहुतेक बाया-पोरी राहायच्या, दूध काढायच्या, लोणी-चीज करायच्या. मला खात्रीने वाटतं की वरच्या भागातल्या बारीकसारीक नावांमागे, झऱ्यांच्या, खळग्यांच्या, एकेका दगडाच्या, त्यांचा आवाज आहे. पुढे 18व्या शतकाच्या उत्तरार्धापासून 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत जमीनमालकांनी मेंढ्यांसाठी गावंच्या गावं उठवली. माणसं कॅनडाला गेली, किनाऱ्याला गेली, ग्लासगोच्या गिरण्यांत गेली. आज तुम्ही अशा दरीतून चालाल जिथे दहा मैलांत एक चूल पेटत नाही, आणि नकाशावर प्रत्येक ओढ्याला नाव असतं. आरींच्या दगडी जोत्यांवर अजून हिरवंगार गवत असतं, शेकडो वर्षांच्या शेणखताने जमीन सुपीक झालेली. तिथे मी लोकांना नेहमी पाच मिनिटं बसवते आणि आजूबाजूची नावं मोठ्याने वाचून दाखवते.

डोंगरांत म्हातारा-म्हातारीही आहेत. ‘अम बोडख’ म्हणजे म्हातारा, ‘अ ख़ाल्यख’ म्हणजे म्हातारी, या नावांचे डोंगर ठिकठिकाणी आहेत. म्हातारी ही साधीसुधी बाई नव्हे, लोककथांत हिवाळा आणणारी, पाठीवरच्या टोपलीतून दगड सांडत डोंगर उभे करणारी ती आदिम बाई आहे. शहापूरकडचा आपला आजोबा डोंगर आठवला ना? मलाही आठवतो.

नावं आली कुठून, याचं उत्तर एका भाषेत संपत नाही. गेलिक आयर्लंडच्या बाजूने आली आणि साधारण 5व्या शतकापासून पश्चिम किनाऱ्यावर ठामपणे दिसते. तिच्या आधी इथे वेल्शच्या नात्यातल्या भाषा बोलल्या जात. स्टर्लिंगजवळच्या ओकिल टेकड्या म्हणजे त्या भाषेतल्या ‘उंच’ टेकड्या, वेल्शमध्ये आजही उंच म्हणजे उखेल. बेन लोमंडमधलं लोमंड हे इशाऱ्याची आग पेटवायची जागा या अर्थाच्या शब्दाशी जोडलं जातं, वेल्समध्ये त्याच घराण्यातलं पुमलुमॉन हे डोंगराचं नाव आहे. गेलिक बोलणाऱ्यांनी जुनं नाव ठेवलं आणि पुढे आपलं बेन्य लावलं.

पश्चिमेच्या बेटांवर उत्तरेकडून नॉर्स, म्हणजे नॉर्वेकडचे लोक, आले. हेब्रिडीज बेटं 1266 पर्यंत नॉर्वेच्या राजाची होती, तेव्हा डोंगरांवर त्यांची छाप असणारच. रम बेटावर अस्किवाल, हालिवाल, ट्रोलावाल अशी नावं आहेत. शेवटचं ‘वाल’ म्हणजे नॉर्स भाषेतला डोंगर, आणि ट्रोलावालमध्ये त्यांचे राक्षस, ट्रोल. उत्तरेचा सुल्वेन, 731 मीटर, सपाट रानातून खांबासारखा उठलेला: सूला हा नॉर्स खांब आणि त्याला जोडलेलं गेलिक बेन्य. समुद्रावरून येणाऱ्याला तो अगदी खांबच दिसतो. नाव देणारा या वेळी दरीत नव्हता, होडीत होता.

माझा सगळ्यात लाडका डोंगर शिहॅलियन, 1083 मीटर, पर्थशरमध्ये. गेलिक नाव ‘शी ख़ल्यन’, म्हणजे कॅलिडोनियन लोकांची परीटेकडी. शी म्हणजे परलोकातल्या, जमिनीखाली राहणाऱ्या लोकांची टेकडी. कॅलिडोनियन ही रोमन लेखकांनी नोंदवलेली इथली जमात. जवळच्या डंकेल्ड गावाच्या नावातही तीच जमात आहे, ते त्यांचा किल्ला. जमात जाऊन दीड हजार वर्षं उलटली, रोमन गेले, नाव डोंगराला धरून राहिलं. याच डोंगरावर 1774 मध्ये खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मास्केलाइन यांनी पृथ्वीचं वजन काढायचा प्रयोग केला. डोंगराच्या वस्तुमानाने ओळंबा किती कलतो ते त्यांनी मोजलं. गणित मांडताना गणितज्ञ चार्ल्स हटन यांनी समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. नकाशावर आज आपण ज्या समोच्च रेषा वाचतो त्यांच्या इतिहासात या डोंगराचं नाव आहे. परीटेकडी आणि पृथ्वीचं वजन, दोन्ही एकाच उतारावर.

सगळी नावं जुनी नसतात, हेही सांगते. स्काय बेटावरचं सर्वांत उंच शिखर स्कूर अलस्टर, 992 मीटर. हे अलस्टर म्हणजे स्कायचेच अलेक्झांडर निकोल्सन, त्यांनी 1873 मध्ये ते पहिल्यांदा चढलं. शेजारचं स्कूर विख ख़ोनिख हे स्थानिक वाटाड्या जॉन मॅकेन्झी यांच्या नावाचं. एका वाटाड्याचं नाव शिखराला आहे, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते.

आता नावं बिघडली कशी. 19व्या शतकात सरकारी मोजणीवाले हायलँड्सभर फिरले. त्यांनी नावांच्या वह्या ठेवल्या, प्रत्येक नावाच्या स्पेलिंगसाठी गावातल्या जाणत्या माणसांना विचारलं. जाणती माणसं म्हणजे बहुधा जमीनदार, पाद्री, शाळामास्तर. त्या वह्या आज अमूल्य आहेत, मी तासन्‌तास त्या चाळते. पण नाव रोज असायचं शेतकऱ्याच्या तोंडात आणि त्यावर शिक्कामोर्तब केलं दुसऱ्यानेच, असं पुष्कळदा झालं.

मुद्दाम सोवळी केलेली नावंही आहेत. केर्नगॉर्ममध्ये ‘डेव्हिल्स पॉइंट’ नावाचं 1004 मीटरचं शिखर आहे, सैतानाचं टोक. गेलिक नाव ‘बोड अन ज्यावन’, आणि बोड म्हणजे पुरुषाचं लिंग. राणी व्हिक्टोरियाने या नावाचा अर्थ विचारला तेव्हा तिच्या सेवकाने, जॉन ब्राउनने, प्रसंग सावरून ‘पॉइंट’ म्हटलं, अशी कथा इथे सांगतात. कथा खरी असो नसो, इंग्रजी नाव सोवळं आहे हे उघड आहे. मी गेलिक नावच सांगते.

अर्थ शोधताना गोड कहाण्यांपासून सावध राहा. बेन नेव्हिस, 1345 मीटर, ब्रिटनमधला सर्वांत उंच. ‘ढगात डोकं असलेला डोंगर’ असा अर्थ फलकांवर वाचाल, ‘विषारी’ असाही वाचाल. मी पहिला सोडून देते, कारण नेव्हिस हे नदीचं आणि दरीचंही नाव आहे, आणि नदीचं डोकं ढगात नसतं. नावाचा उलगडा पाण्यापासून सुरू करायला हवा. कोणतंही नाव तपासताना मी चार गोष्टी बघते: सर्वांत जुनं लेखन, तिथल्या गेलिक माणसाचा उच्चार, व्याकरण, आणि शेवटी प्रत्यक्ष ती जमीन. यांतली एक जरी विरोधात गेली तरी कहाणी कितीही सुंदर असो, मी ती बाजूला ठेवते.

एडिनबर्गचा आर्थर्स सीट, 251 मीटर, तुम्ही पहिल्याच दिवशी चढाल. त्याचं मूळ ‘बाणांची उंच जागा’ या गेलिक शब्दांत आहे असं कुणी सांगेल, तज्ज्ञ ते मानत नाहीत. आणि महाबळेश्वरच्या आर्थर सीटशी त्याचा संबंध विचाराल, तर तो आपला पॉइंट आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाचा आहे. नाव सारखं, गोष्ट वेगळी.

तुमच्या वाटेबद्दल. टिंड्रम सोडून उत्तरेला निघालात की उजव्या हाताला एक सरळसोट, घड्या पडलेला डोंगर अंगावर येतो, बेन डोरन, 1076 मीटर. डंकन बान मॅकिंटायर (1724–1812) हे तिथले वनरक्षक होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांनी या डोंगराची स्तुती करणारं दीर्घ काव्य रचलं, ते गेलिक साहित्यात शिरोमणी मानतात. त्यात इथल्या हरणांचं, गवतांचं, झऱ्यांचं जे वर्णन आहे ते रोज तिथे चालणाऱ्यालाच जमावं. गाडी थांबवा, काच खाली करा.

पुढे रॅनखची ओली, उजाड पठारवट ओलांडली की डावीकडे त्रिकोणी कातळ उभा राहतो, बुअखल्य एटिव मोर, त्याचं शिखर 1021 मीटर. बुअखल्य म्हणजे गुराखी. एटिव दरीच्या तोंडाशी हा थोरला गुराखी उभा आहे आणि त्याच्या पलीकडे धाकटा, बुअखल्य एटिव बेग. त्या शब्दातही गाय आहे, तीच बो, आपली गो. फोटो सगळेच काढतात, तुम्ही मुलीला नाव तीनदा मोठ्याने म्हणायला लावा, ख घशातून आणि सुरुवातीचा ब जवळजवळ प.

तिथून स्कायला जाणार असाल तर बेटाच्या दक्षिणेला स्लेटमध्ये साउल मोर ओस्टिक हे गेलिक महाविद्यालय आहे, 1973 साली सुरू झालेलं. तिथे तुम्हाला गेलिकमध्ये बोलणारे विद्यार्थी भेटतील. नकाशा उघडून त्यांच्यापुढे ठेवा आणि खिडकीतून जो डोंगर दिसतो त्याचं नाव त्यांच्या तोंडून ऐका. मेमध्ये जाताय, तर एक पन्नास हजारांश प्रमाणाचा कागदी नकाशा बरोबर असू द्या. फोनवरच्या नकाशात निम्मी नावं गाळलेली असतात. काही नाव अडलं तर त्याचं अक्षरन्‌अक्षर लिहून इथेच विचारा, आणि ते कुठल्या दरीतून पाहिलंत तेही लिहा.